गीझर गडगडतोय? आधी ऐका, मग खोला

ओळखीत कोणाचा गीझर आवाज करायला लागला की मला फोन येतो, आणि फोन येईपर्यंत बहुतेक वेळा काहीतरी करून झालेलं असतं. कोणी कॉइल बदलून बसलेलं असतं आणि आवाज तसाच. कोणी व्हॉल्व्हमधून थेंब पडतायत म्हणून तिथे एमसील थापलेलं असतं, ते ऐकूनच मला घाम फुटतो. आणि कोणी टाकी रिकामी झाली असं समजून खालचे नट सोडलेले असतात आणि पंधरा लिटर पाणी डोक्यावर घेतलेलं असतं. यातला शेवटचा माणूस मी स्वतः आहे, म्हणून लिहितोय.

अजून एक घोळ व्हिडिओंचा. बॉयलर नॉइज वगैरे शोधलं की इंग्लंडमधल्या कॉम्बी बॉयलरचे व्हिडिओ समोर येतात. ते मशीन वेगळं, गॅसवर चालतं, नळाला गरम पाणी पण देतं आणि घर गरम करायला रेडिएटरमध्ये पण पाणी फिरवतं, त्याला पंप असतो, फॅन असतो, प्रेशरचा काटा असतो. तो माणूस सांगतो रेडिएटरमधली हवा काढा, काटा एक-दीड बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) आसपास आणा. आपल्या बाथरूममधल्या गीझरला यातलं काहीच नसतं. एकच गोष्ट दोघांत सारखी, क्षार जमला की किटलीत पाणी उकळल्यासारखा आवाज. बाकीचं तिकडचं तिकडे राहू द्या.

खालचा क्रम मोडू नका. आधीच्या पायरीत आवाज गेला तर पुढच्या करायची गरजच नाही, आणि बऱ्याच घरांत पाना हातात घ्यायची वेळच येत नाही.

पायरी 1: गीझर गॅसचा आहे का?

गॅसचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी इथेच जवळपास संपतो. नळ उघडल्यावर टिक टिक टिक होऊन लगेच ज्योत पेटते तो आवाज नॉर्मल. पण टिक टिक बराच वेळ चालते आणि मग "भप्प" होतं, तर पेटायच्या आधी गॅस साचतोय. तुम्ही स्वतः एकच गोष्ट करायची, खालच्या कप्प्यातले दोन मोठे सेल बदला, दोन्ही नवे, एक जुना एक नवा नाही. तरी भप्प होत असेल तर गीझर वापरणं बंद आणि कंपनीचा टेक्निशियन.

सिलिंडरवरून पाइप गॅसवर गेलात आणि तेव्हापासून आवाज सुरू झाला असेल तर कारण जवळपास कळलेलंच आहे. दोन्हीचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक तोंड, वेगळा असतो, प्रेशर वेगळं असतं. नुसता पाइप बदलून जोडलेला गीझर चालतोय असं दिसतं, पण ज्योत बरोबर नसते. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, वर काजळी धरली, तर त्याच दिवशी बंद.

थांबा: गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर आवाजाचा विषय बाजूला ठेवा आणि तो आधी बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आंघोळ करता करता माणूस खाली बसतो आणि उठत नाही. खिडकीची काच थोडी उघडी ठेवतो, एक्झॉस्ट लावतो, ही उत्तरं मला नका देऊ. आणि गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर किंवा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग फोन. सिलिंडरवाल्यांसाठी 1906 हा नंबर आहे.

इथून पुढे सगळं विजेच्या टाकीवाल्या गीझरबद्दल, 6 लिटरपासून 25 लिटरपर्यंतचा. तीन लिटरचा इन्स्टंट असेल तर एक लक्षात ठेवा, त्यात 3 किलोवॅटची कॉइल एवढ्याशा पाण्यात असते, दोन-अडीच मिनिटांत पाणी गरम होतं, त्यामुळे तो सूं-सूं आवाज करणारच, नवा असताना पण करतो.

पायरी 2: तीन टेस्ट, हात न लावता

सगळ्यात जास्त लोक ही पायरी उडवतात. "आवाज येतो" एवढंच सांगतात, कधी येतो ते सांगता येत नाही. दरवाजा बंद करा, एक्झॉस्ट बंद करा, वॉशिंग मशीन बंद करा, आणि ऐका.

टेस्ट अ. गीझरचं बटण बंद, गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा. आवाज आला? मग कॉइलचा आणि क्षाराचा काही संबंध नाही, प्रॉब्लेम पाण्याच्या लाइनचा आहे. आता नळ पटकन बंद करून बघा, "धाड" असा ठोका बसतो का.

टेस्ट ब. सगळे नळ बंद, गीझर चालू, घड्याळ लावून बसा. 15 लिटरचा 2 किलोवॅटचा गीझर साधारण 25 डिग्रीचं पाणी 60 पर्यंत न्यायला 18-20 मिनिटं घेतो, 25 लिटरवाला अर्धा तास. या वेळात कधी आवाज सुरू होतो ते लिहून ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत, की शेवटी शेवटी, की लाइट बंद झाल्यावर.

टेस्ट क. लाइट आपोआप बंद होतो का? 15 लिटरचा गीझर 40 मिनिटं झाली तरी लाल लाइट चालूच, आतून उकळल्यासारखा आवाज, तर थर्मोस्टॅट कट करत नाहीये.

थांबा: टेस्ट क मध्ये असं झालं तर मेन बंद करा आणि नळ उघडू नका. आत पाणी 100 च्या आसपास असू शकतं, नळातून वाफ आणि उकळतं पाणी एकदम अंगावर येतं. पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर लागली तरी चालेल, आणि मेकॅनिक बोलवा. थर्मल कट-आऊटचं, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणाऱ्या भागाचं, छोटं बटण दाबून दाबून गीझर चालू ठेवायचा प्रकार करू नका, ते बटण उडतंय म्हणजे त्याचं काम ते करतंय.

पायरी 3: कुठला आवाज कशाचा

टेस्ट झाल्या की हे जुळवा.

एकदाच "टक": थर्मोस्टॅट चालू किंवा बंद झाला. नॉर्मल.

गरम होताना आणि बंद केल्यावर अधूनमधून बारीक टिक, टिक: पत्रा आणि पाइप फुगतात, आक्रसतात. नॉर्मल, रात्री जास्त ऐकू येतो कारण रात्री घर शांत असतं.

हलकं सूं, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखं: कॉइल गरम होतेय. कमी असेल तर सोडून द्या. महिन्यागणिक वाढत असेल तर क्षार.

गडगड, बदबद, मधेच खट्ट असा फुटल्यासारखा: हा तो किटलीचा आवाज. कॉइलवर किंवा टाकीच्या तळाला क्षाराचा थर बसला की त्याच्या खाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, वाफेचा बुडबुडा होतो, थर फोडून वर येतो आणि वरच्या गार पाण्यात फुटतो. तोच हा आवाज.

शिट्टी, फक्त नळ चालू असताना: कुठेतरी पाणी अरुंद जागेतून जातंय.

"धाड", नळ बंद करताना: पाण्याचा ठोका.

सतत घुंऽऽ, भिंत थरथरते: ब्रॅकेट ढिला किंवा सोसायटीच्या पंपाचा आवाज पाइपातून येतोय. पंप चालू व्हायच्या वेळा वॉचमनला विचारा आणि जुळवून बघा, आमच्याकडे महिनाभर गीझरला शिव्या घातल्या आणि निघाला पंप.

तडतड, चर्रर्र, आणि तो आवाज गीझरमधून नाही तर प्लगमधून: लगेच एमसीबी पाडा. 2 किलोवॅटचा गीझर जवळपास 9 अँपियर खेचतो, त्याला 16 अँपियरचा मोठा सॉकेटच लागतो. जुन्या इमारतींत अजून लोक छोट्या पिनच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवतात. प्लग काढून बघा, पिन काळी पडली असेल, प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर इलेक्ट्रिशियन, आणि त्याच्याआधी गीझर नाही.

पायरी 4: पाना न लावता होणारी कामं

शिट्टी किंवा ठोका असेल तर इथेच सुटतं बहुधा.

गीझरच्या खाली निळी खूण असलेल्या बाजूला थंड पाणी आत जातं, तिथला अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. प्लंबर काम करून जातो आणि कॉक अर्धा ठेवून जातो, मग शिट्टी. पूर्ण उघडून मग पाव आटा मागे घ्या, म्हणजे जाम होणार नाही. तरी शिट्टी आली तर नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, पावसाळ्यात आणि टाकी धुतल्यावर त्यात बारीक रेती अडकते. शॉवरच्या जाळीचं पण तेच.

मग मिक्सर. हँड शॉवरचं बटण बंद, पण मिक्सरचे गरम-थंड दोन्ही नळ उघडेच, अशी सवय आपल्याकडे फार. अशा वेळी पाणी एका लाइनीतून दुसऱ्या लाइनीत जायला बघतं, घुं आवाज येतो आणि कधीकधी थंड नळाला कोमट पाणी येतं, मग लोक म्हणतात गीझर बिघडला. दोन्ही नळ बंद करायची सवय लावा, दोन दिवसांत कळेल.

पाणीकपातीनंतर लाइनीत हवा शिरते आणि नळ फुर्र फुर्र करत थुंकतो. त्यावेळी गीझर बंद ठेवून घरातला सगळ्यात खालचा नळ, मोरीतला असेल तर तोच, हळू उघडा आणि हवा जाऊ द्या. मगच गीझरकडे वळा.

आता ठोका. 10 मीटर उंचीवरच्या पाण्याचं प्रेशर साधारण 1 बार. म्हणजे वीस मजली टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर, मधे काही लावलं नसेल तर, 6 बारपर्यंत प्रेशर येऊ शकतं. म्हणून टॉवरमध्ये डक्टमधल्या लाइनीला प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह असतात, आणि ते बिघडले की एका लाइनीतल्या सगळ्या घरांत ठोके सुरू होतात. तुमच्या खालच्या-वरच्या घरी विचारा. त्यांच्याकडे पण येत असेल तर गीझरला हात लावू नका, सेक्रेटरीला लेखी कळवा. फक्त तुमच्याकडेच येत असेल तर पाइपाचा क्लॅम्प सुटलाय का बघा, हाताने पाइप हलतो का ते बघा. गीझरवर किती बारला चालतो ते छापलेलं असतं, टॉवरमध्ये 8 बारवाला घ्यायचा. चाळीत किंवा वरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हा प्रश्न येतच नाही, तिथे उलट पाणी चढत नाही ही तक्रार.

आता थर्मोस्टॅट. गडगड असेल आणि नॉब शेवटच्या टोकाला असेल तर तो 55-60 च्या दरम्यान आणा. क्षार गरम पाण्यातच जास्त सुटतो, जेवढं गरम तेवढा जास्त. बरेच लोक 75 ला ठेवतात आणि मग बादलीत अर्धं थंड पाणी घालतात. फार खाली, 40-45 ला पण आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. दोन दिवस असं वापरून बघा. आवाज निम्म्यावर आला तर क्षार आहे पण थोडा आहे, पायरी 5 आणि 6 करा, म्हणजे तयारी आणि टाकी फ्लश करणं, पायरी 7 नको.

तपासा: गीझर तापत असताना त्या निळ्या बाजूच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं का? पडू दे. पाणी तापलं की फुगतं, 15 लिटरमागे साधारण 200 मिली, आणि मागे जायला वाट नसते कारण त्याच व्हॉल्व्हमध्ये उलटं पाणी अडवणारी झडप असते. म्हणून जास्तीचं पाणी तिथून बाहेर पडतं. त्याला बारीक नळी लावून मोरीत सोडा. ते तोंड बूच, एमसील, स्क्रू कशानेही बंद करायचं नाही, बंद केलंत तर जास्तीचं प्रेशर टाकीत कोंडतं आणि टाकी फुटू शकते. गीझर बंद असताना पण सतत धार लागलेली असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदला किंवा प्रेशर बघा.

पायरी 5: तयारी, आता खोलायचंय म्हणून

वॉरंटी कार्ड काढा. टाकीची वॉरंटी वेगळी असते, कॉइलची वेगळी, आणि टाकीची चालू असेल तर फ्लँज, म्हणजे कॉइल जिच्यावर बसते ती खालची धातूची चकती, स्वतः खोलू नका, नंतर कंपनी हात वर करते. फक्त फ्लश केलात तर सहसा चालतं, तरी कार्ड वाचा.

तुमचं पाणी कुठलं ते आधी बघा. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतलं, पावसाचं साठवलेलं, ते सौम्य असतं. फक्त त्यावर चालणारा गीझर पाच-सहा वर्षं साफ न करता पण निवांत जातो. गडबड होते ती बोअरिंगच्या किंवा टँकरच्या पाण्याने. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले आणि सोसायटीने ते वरच्या टाकीत मिसळले की दोन सीझनमध्ये कॉइल पांढरी. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, साबणाला फेस नाही, बादलीच्या कडेला खरखरीत रेघ, हे पुरेसं आहे. टीडीएस मीटर घेऊन फिरू नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यातलं क्षार बसवणारं किती ते सांगत नाही.

सामान: दोन बादल्या, एक मीटर नळी, पक्कं स्टूल किंवा घोडा, पान्यांचा सेट, टेस्टर, मल्टीमीटर असेल तर उत्तम, टेफलॉन टेप, रबरी चपला, मोबाइल, आणि तुमच्या मॉडेलचं नवं गॅस्केट. गॅस्केट आधी आणा. जुनं परत बसवू म्हणून सुरुवात करणारे रविवारी संध्याकाळी हार्डवेअरची दुकानं बंद झाल्यावर टपकत्या गीझरखाली बादली लावून बसतात. टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉड पण आणून ठेवा, लागला नाही तर परत करता येतो.

आदल्या रात्री गीझर बंद. सकाळी पाणी गार हवं.

थांबा: नुसतं बटण बंद करून काम करायचं नाही. प्लग काढा. प्लग नसेल, वायर थेट भिंतीत गेली असेल, तर एमसीबी पाडा आणि टेस्टरने बघा, पण आधी तोच टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का बघा. मेलेला टेस्टर सगळीकडे करंट नाही असंच सांगतो. घरात अजून कोणाला तरी सांगून ठेवा की एमसीबीला हात लावू नका, आमच्या आईने एकदा "फ्रिज का बंद आहे" म्हणून सगळे वर केले होते.

पायरी 6: टाकी रिकामी करणं आणि फ्लश

आता माझी चूक. मी अँगल कॉक बंद केला, गरम पाण्याचा नळ उघडला, थोडं पाणी आलं आणि थांबलं. मला वाटलं टाकी रिकामी. नट सोडले. पुढचं वर सांगितलंय.

असं का होतं, तर गरम पाणी बाहेर नेणारी नळी टाकीच्या आत वरपर्यंत गेलेली असते, गरम पाणी वर असतं म्हणून. त्यामुळे आत येणारं पाणी बंद केलं की बाहेरचा नळ कोरडा होतो पण टाकी जवळजवळ भरलेलीच राहते. ती फक्त निळ्या बाजूनेच रिकामी होते.

1. अँगल कॉक पूर्ण बंद.

2. गरम पाण्याचा नळ उघडा आणि उघडाच ठेवा. यातून आता पाणी येणार नाहीये, हवा आत जाणार आहे. हा बंद राहिला तर खालून पाणी उतरणारच नाही, बाटली उलटी धरल्यासारखं गप्प गप्प करत बसेल.

3. निळ्या बाजूच्या व्हॉल्व्हला नळी लावा, दुसरं टोक बादलीत, आणि त्याचा छोटा खटका किंवा स्क्रू उघडा. व्हॉल्व्हला खटका नसेल तर कनेक्शन पाइप काढून, व्हॉल्व्ह हळू सोडून तिथूनच पाणी काढावं लागतं, बादली आधी खाली धरा.

4. बादलीतलं पाणी मोजा. 15 लिटरच्या गीझरमधून 5 लिटर आलं आणि थांबलं तर रिकामं झालेलं नाही, तोंडाशी क्षाराचा तुकडा अडकलाय. तार घालून टोचू नका, अँगल कॉक क्षणभर उघडून बंद करा, तुकडा हलतो.

5. रिकामी झाली की अँगल कॉक उघडून अर्धी भरा, परत सोडा. तीन-चार वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

तपासा: बादलीच्या तळाशी काय बसलंय? पांढरे, चुन्यासारखे पापुद्रे म्हणजे क्षार. तपकिरी बारीक माती म्हणजे सोसायटीची टाकी धुवायची वेळ झालीय. लालसर गंजाचे तुकडे असतील तर टाकी आतून गेलीय, काचेचं अस्तर सुटलंय, आता कॉइलवर पैसे घालू नका, नवा गीझर बघा.

पापुद्रे थोडेच आले आणि पाणी लवकर स्वच्छ झालं तर सरळ पायरी 8 वर जा, भरा, चालवा. मूठभर आले किंवा फ्लश करून पण आवाज तसाच असेल तरच पुढची पायरी.

पायरी 7: कॉइल काढून साफ करणं

खालचं झाकण काढा आणि काहीही सोडायच्या आधी वायरींचा फोटो काढा. दोन-तीन बाजूंनी काढा. कुठली वायर थर्मोस्टॅटच्या कुठल्या टोकाला होती हे अर्ध्या तासाने आठवत नाही, कोणालाच नाही.

वायरी सोडा, थर्मोस्टॅटची दांडी सरळ खाली ओढून काढा. मग फ्लँजचे नट, समोरासमोरचे एकेक करून थोडे थोडे सैल करा. राहिलेलं कपभर पाणी येईल. कॉइल हळू खाली घ्या, थर जाड असेल तर भोकातून निघत नाही, तेव्हा ओढाओढी न करता डावी-उजवीकडे फिरवत काढा.

आता कॉइलवर स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरी चालवायचा मोह होतो. नाही. वरचं धातूचं कव्हर पातळ असतं, ओरखडा पडला की तिथूनच फुटतं आणि करंट पाण्यात. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी घ्या, लिटरला 50 ग्रॅम लिंबूसत्त्व टाका, किराणावाल्याकडे मिळतं, आणि फक्त कॉइलचा भाग बुडेल असं उभं करा. वायरी लागतात ती टोकं पाण्याच्या वर. फेस येईल, दीड-दोन तास राहू द्या, मग जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

थांबा: टॉयलेट साफ करायचं ॲसिड यात वापरायचं नाही. पाच मिनिटांत चकाचक होतं हे खरं, पण ते धातू खातं, त्याच्या वाफा बंद बाथरूममध्ये छातीत जातात, आणि ब्लीचिंगच्या पाण्याशी गाठ पडली तर विषारी वायू होतो. टाकीत तर मुळीच ओतू नका.

कॉइल वाळत असताना दोन कामं. टाकीत हात घालून, हातमोजा घालून, तळाचे पापुद्रे काढा, खरवडू नका, आतलं काचेचं अस्तर तडकतं. आणि मॅग्नेशियमचा रॉड बघा. तो स्वतः गंजून टाकीला गंजू देत नाही, म्हणून तो खाल्लेला दिसणं चांगलंच. अर्ध्यापेक्षा बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसायला लागली असेल तर बदला. काही मेकॅनिक "याची गरज नाही" म्हणून काढून टाकतात, त्यांना परत बसवायला लावा.

मल्टीमीटर असेल तर कॉइलच्या दोन टोकांत 2 किलोवॅटला 26 ओहमच्या आसपास यायला हवं, 3 किलोवॅटला 17-18. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. मग एक काडी टोकाला आणि एक फ्लँजच्या धातूला लावा, तिथे काहीही रीडिंग यायला नको. आलं तर ती कॉइल टाकून द्या, कितीही स्वच्छ दिसली तरी.

नवं गॅस्केट बसवा, बसायची जागा कापडाने पुसून घ्या, एक खडा राहिला तरी टपकतं. नट परत समोरासमोरचे, थोडे थोडे. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं की फ्लँज तिरका बसतो. फार जोर लावला तर गॅस्केट चिरडतं.

पायरी 8: आधी पाणी, मग करंट

रिकाम्या गीझरला करंट दिला तर कॉइल काही मिनिटांत जळते, एवढं सगळं साफ केल्यावर इथे चूक करणारे मी पाहिलेत. अजून वायरी जोडू नका.

गरम पाण्याचा नळ उघडा, अँगल कॉक उघडा. आधी नुसती हवा येईल, मग फुर्र फुर्र, मग धार. सलग धार एक मिनिट चालू द्या आणि मग नळ बंद. आता आत प्रेशर आहे, फ्लँजच्या कडेने कोरडा टिश्यू फिरवा. दहा मिनिटं थांबून परत फिरवा. ओला झाला तर नट अजून पाव आटा, तरी ओला तर पाणी काढून गॅस्केट परत बसवा, "गरम झाल्यावर फुगून बंद होईल" असं होत नाही.

कोरडं असेल तर थर्मोस्टॅट घाला, फोटो बघून वायरी जोडा, अर्थिंगची हिरवी वायर विसरू नका, हीच सगळ्यात जास्त विसरली जाते कारण तिच्याशिवाय पण गीझर चालतो. झाकण लावा. आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, परत वर करा, मग गीझर चालू.

चालू केल्यावर लगेच आरसीसीबी पडला तर परत परत वर करू नका, टोकांना ओल राहिली असेल किंवा कॉइल लीक आहे.

आता पायरी 2 मधली टेस्ट ब परत करा, तेच घड्याळ, तेवढाच वेळ. हलकं सूं राहील, गडगड गेली पाहिजे. पहिल्या एक-दोन बादल्या पाणी फरशीला वापरा, त्यात पांढरा चुरा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या आधी खालच्या झाकणाला हात लावून बघा, ओलं नसेल तर स्टूल आत ठेवा.